नेपाळच्या लांब मोटरसायकल प्रवासासाठी हत्यारे आणि आणीबाणीचे सामान: निवड, बांधणी आणि चाचणीचा क्रम

ठाणे, ऐरोली आणि खारघर इथून दसऱ्यानंतर मोटरसायकलींचे लहानमोठे गट नेपाळकडे निघतात, आणि त्यांतले बरेचजण निघायच्या आठवडाभर आधी मला हत्यारांची यादी मागतात. मी यादी आधी देत नाही, कारण दुसऱ्याच्या गाडीवरून केलेली यादी घेऊन निघालेल्या माणसाकडे वीस पाने असतात आणि त्याच्या स्वतःच्या मागच्या चाकाच्या नटाला बसणारा एकविसावा पाना नेमका नसतो. चूक क्रमाची असते: लोक आधी खरेदी करतात, मग बांधतात, आणि गाडी पहिल्यांदा खोलतात ती रस्त्यावर.

पुढचा क्रम भारत-नेपाळ सीमेवरच्या सोनौलीहून बुटवल, पोखरा, बेनी, जोमसोम असे करत मुक्तिनाथपर्यंत जाणाऱ्या प्रवासाला धरून लिहिला आहे. पोखऱ्यापर्यंत भारतीय बनावटीच्या सर्वसाधारण गाड्यांचे सुटे भाग आणि कारागीर मिळतात. बेनीच्या पुढे खडी, धूळ आणि रस्ता ओलांडणारे ओढे सुरू झाले की जवळ असेल तेवढेच आपले. सामान निवडताना हा शेवटचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवावा.

टप्पा १: गाडी घरी खोलून पाहणे (निघण्यापूर्वी सहा आठवडे)

खरेदीसाठी बाहेर पडण्याआधी, गाडीसोबत कंपनीने दिलेली हत्यारांची पिशवी आणि एक वही घेऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसावे आणि पुढील कामे स्वतःच्या हातांनी करावीत. पावसाळ्यातले रविवार यासाठी चांगले, कारण एरवीही त्या दिवसांत फार लांब जाणे होत नाही.

१. पुढचे आणि मागचे चाक काढून परत बसवणे.
२. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब बाहेर काढून परत घालणे. ट्यूबलेस असेल तर एखाद्या जुन्या टायरला भोक पाडून पट्टी भरून पाहणे.
३. चेनचा ताण पुस्तिकेत दिलेल्या मापावर आणणे.
४. क्लचची केबल काढून परत जोडणे.
५. बॅटरीची टोके सोडवणे आणि फ्यूजची पेटी उघडणे.
६. क्लच आणि ब्रेकची लिव्हर काढून बसवणे.
७. स्पार्क प्लग काढणे.

प्रत्येक कामाला कुठल्या मापाचा पाना लागला ते लगेच वहीत लिहावे. जपानी घडणीच्या गाड्यांवर बहुधा ८, १०, १२, १४ आणि १७ ही मापे पुरतात, तर युरोपीय घडणीच्या गाड्यांवर १३ हमखास निघतो. अॅक्सलच्या नटाची मापे मात्र गाडीगणिक वेगळी असतात आणि पुढची-मागची सहसा एक नसतात, त्यामुळे ती अंदाजाने लिहू नयेत. ज्या कामाला कंपनीच्या पिशवीतला पाना पुरला नाही त्या कामापुढे खूण करावी, कारण खरेदी करायची ती या खुणांचीच.

मागच्या चाकाचे काम सर्वात जास्त वेळ घेते, आणि तेच सर्वात जास्त जण टाळतात. काही वर्षांपूर्वी इगतपुरीच्या अलीकडे माझे मागचे चाक बसले, तेव्हा माझ्याकडे बरोबर मापाचा पाना होता, तरीही नट तसूभर हलला नाही. दोन दिवस आधी सर्व्हिसिंगमध्ये तो हवेच्या गनने आवळलेला होता आणि माझ्या पान्याची दांडी वीतभर लांब होती. एका ट्रकचालकाने त्यांच्याकडचा पाइप त्या दांडीवर चढवून दिला, तेव्हा कुठे नट सुटला. तेव्हापासून हातभर लांबीचा, पान्यावर बसेल असा पोकळ पाइप माझ्या सामानात असतो. शेवटच्या सर्व्हिसिंगनंतर दोन्ही अॅक्सलचे नट मी स्वतः सोडवून पुस्तिकेत दिलेल्या जोराने पुन्हा आवळतो.

सावधान: डिस्क ब्रेकचे चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर दाबू नये. पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही. चाक निघाल्याबरोबर पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवून ठेवावा.

तपासणी: कुणाचीही मदत न घेता मागचे चाक काढून परत बसवता आले का? आले नसेल तर दुसऱ्या टप्प्याकडे जाऊ नये. पुढच्या रविवारी तेच काम पुन्हा करावे.

टप्पा २: निवड आणि खरेदी (चार आठवडे आधी)

वहीतल्या खुणा घेऊन मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर गेलात तर एकेक सुटा पाना चांगल्या प्रतीचा मिळतो. पेटीत बसवलेला चाळीस नगांचा स्वस्त संच घेऊ नये, कारण त्यातल्या गोट्यांचे (सॉकेटचे) तोंड पहिल्याच घट्ट नटावर फाटते आणि नटाच्या कडाही सोबत गोल होऊन जातात. आठ नग हवेत, पण ते पक्के हवेत. नवा पाना घरी आणल्यावर तो नटावर चढवून पाहिल्याशिवाय पिशवीत जाता कामा नये.

टायर. नादुरुस्तीच्या शक्यतांमध्ये पंक्चर सर्वात वर असल्याने जागा आणि वजन आधी त्यालाच द्यावे. ट्यूबलेस टायरसाठी भोक घासून मोकळे करायची रापी, पट्टी आत ढकलायची सुई, किमान सहा पट्ट्या आणि खिळा ओढून काढायला पक्कड लागते. रापीची मूठ इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची असावी, कारण सरळ मुठीने जाड रबरात जोर लावता येत नाही. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर गेली तर पट्टी टिकत नाही, हेही आधीच जाणून असावे. ट्यूबच्या टायरसाठी टायर उचकटायच्या तीन लिव्हर, व्हॉल्व्हची चावी, ठिगळे, काचकागद, थोडी टाल्कम पावडर आणि दोन्ही चाकांच्या ट्यूब घ्याव्यात. दोन ट्यूबना जागाच नसेल तर मोठ्या घेराची, म्हणजे पुढची, ट्यूब घ्यावी. अडचणीत ती मागच्या लहान चाकात घालून हळू वेगाने पुढच्या गावापर्यंत जाता येते. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आत वाळून जाते, म्हणून मोठ्या एका ट्यूबपेक्षा सील न फोडलेल्या लहान दोन बऱ्या.

हवा भरायला छोटा विजेचा पंप सोयीचा असतो, पण तो किती अँपिअर खेचतो ते त्याच्या अंगावर वाचावे. मोटरसायकलच्या चार्जिंगच्या सॉकेटला तेवढा भार बहुधा झेपत नाही आणि फ्यूज उडतो, म्हणून पंपाची जोडणी फ्यूज लावलेल्या स्वतंत्र वायरने थेट बॅटरीवरून घ्यावी. सोबत सायकलचा हातपंप ठेवावा, कारण बॅटरीच बसलेली असेल तर विजेचा पंप निरुपयोगी ठरतो.

चेन. आपल्या चेनच्याच मापाचे दोन चेन लॉक (चेनची टोके जोडणारी कडी), आणि क्लिप बसवायला निमुळत्या तोंडाची पक्कड. क्लिपचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवायचे असते. उलट बसवलेली क्लिप एखाद्या दगडाचा फटका बसूनही निसटू शकते. चेन तोडायचे हत्यार जड असते आणि ते वापरायचा सराव नसेल तर त्याचा उपयोगही होत नाही, त्यामुळे गटात एकाकडे असले तरी पुरे.

केबल आणि लिव्हर. इथे एक सवय लावून घ्यावी: नवी केबल किंवा नवी लिव्हर पिशवीत ठेवू नये, ती गाडीवर चढवावी आणि आधीची, चालू स्थितीतली, सोबत घ्यावी. जो भाग महिनाभर गाडीवर चालला तो बसतो याची खात्री झालेली असते, तर डबीतून तसाच नेलेला नवा भाग चुकीच्या मॉडेलचा निघाल्याचे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. क्लचची जास्तीची केबल चालू केबलला समांतर आधीच ओवून, दोन्ही टोके टेपने बंद करून ठेवली तर रस्त्यावरचे काम दहा मिनिटांवर येते.

वीज. आपल्या पेटीत असतील त्या मापांचे प्रत्येकी दोन फ्यूज (लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०), दोन मीटर वायर, काळी टेप. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर त्याजागी मोठा फ्यूज घालू नये. वायर कुठे घासली आहे ते शोधावे, विशेषतः हँडल वळते त्या मानेजवळ. इंधन इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण बसली असेल तर ती ढकलूनही सुरू होत नाही, कारण पेट्रोलचा पंपच फिरत नाही. म्हणून जंपरच्या तारा गटात एक संच तरी हव्यात.

बाकीचे थोडक्यात: लहानमोठे केबल टाय, बांधणीची तार, एम-सील, ब्रेकच्या पॅडचा एक संच, अर्धा लिटर इंजिन ऑइल, गाडीवर सैल होण्याची सवय असलेले चारदोन नटबोल्ट, कपाळावर बांधायचा दिवा आणि रबरी हातमोजे. इंजिनच्या तळाला दगड लागून बारीक चीर गेली तर ती जागा तेलाचा अंश राहणार नाही अशी पुसून, घासून मगच एम-सील भरावे, आणि पूर्ण घट्ट होईपर्यंत इंजिन सुरू करू नये. घाईने भरलेले एम-सील गळून पडते आणि सोबतचे तेलही जाते.

सावधान: ब्रेक ऑइलच्या डबीवर डॉट ४ लिहिलेल्या ब्रेकमध्ये डॉट ५ चे ऑइल घालू नये. ते सिलिकॉनचे असते आणि आधीच्या द्रवात मिसळत नाही.

टप्पा ३: आणीबाणीचे सामान

हे सामान हत्यारांच्या पिशवीत ठेवू नये. जखम झालेली असताना तेलकट पान्यांच्या ढिगातून पट्टी शोधणे किती कठीण जाते, ते ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावे लागत नाही.

प्रथमोपचार. निर्जंतुक गॉज, जखमेला न चिकटणारी ड्रेसिंग, सहा इंची क्रेप बँडेज दोन, त्रिकोणी पट्टी, पोव्हिडोन आयोडिन, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, आणि अंगावर ओढायचे चकाकते पातळ ब्लँकेट. ओआरएसच्या मोठ्या पाकिटावर किती पाणी घालायचे ते छापलेले असते, बहुधा एक लिटर. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतण्याची चूक सर्रास होते. सायलेन्सरने भाजल्यास त्या भागावर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये. धनुर्वाताची लस निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घेऊन टाकावी.

उंची. पोखरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, जोमसोम सुमारे २,७०० आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. आपण ठाण्याचे लोक समुद्रकाठचे, आणि गाडीने ही चढण एकाच दिवसात चढता येत असल्यामुळेच तिचा धोका वाढतो. वाटेत एक मुक्काम करावा. डोकेदुखीसोबत उलटी, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे सुरू झाले तर खाली उतरणे हाच मुख्य उपाय आहे. पिशवीतले कुठलेही औषध त्याची जागा घेऊ शकत नाही. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचे औषध घ्यायचे की नाही हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगावे.

नेहमीची औषधे पूर्ण प्रवासाला पुरून आठवडाभर उरतील इतकी घ्यावीत, दोन वेगळ्या पिशव्यांत विभागावीत, आणि गोळ्यांच्या पाकिटावर छापलेली औषधांची मूळ (जेनेरिक) नावे असलेले प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवावे. ब्रँडचे नाव परदेशी दुकानदाराला कळेलच असे नाही.

संपर्क. प्रत्येकाच्या जॅकेटच्या एकाच ठरलेल्या खिशात एक कागद असावा: नाव, रक्तगट, अॅलर्जी, चालू औषधे आणि घरचा क्रमांक. नेपाळमध्ये पोलिसांसाठी १००, रुग्णवाहिकेसाठी १०२ आणि पर्यटक पोलिसांसाठी ११४४ हे क्रमांक त्याच कागदावर लिहावेत, कारण फोनची बॅटरी संपली की त्यात साठवलेले क्रमांकही हाताशी राहत नाहीत.

सावधान: उपग्रहावर चालणारा फोन किंवा संदेशयंत्र कुणी परदेशातून भेट म्हणून आणले असेल तरी दूरसंचार विभागाच्या परवानगीविना ते सोबत घेऊ नये. भारतात ते बाळगणे बेकायदेशीर आहे आणि त्यावरून लोकांना अटक झालेली आहे.

कागद आणि पैसे. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी, आणि सीमेवर घेतलेली भन्सारची (नेपाळच्या सीमाशुल्काची) पावती जलरोधक पाकिटात, अंगावर. भन्सारची पावती परत येताना लागते, म्हणून ती गाडीच्या पिशवीत टाकू नये. आपली विमा पॉलिसी नेपाळमध्ये आपोआप लागू होत नाही. भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची सोय असते, ती विमा कंपनीकडून लेखी घ्यावी. शंभराच्या नोटा वेगळ्या ठेवाव्यात. १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा ठरलेला दर आहे, त्यापेक्षा बराच कमी देणाऱ्याकडे पैसे बदलू नयेत.

टप्पा ४: बांधणी

बांधताना एकच प्रश्न विचारत राहावे: भर पावसात, अंधारात, रस्त्याच्या कडेला ही वस्तू किती वेळात हाती येईल? त्यावरून क्रम असा ठरतो:

१. अंगावर: कागद, पैसे, फोन, आणीबाणीचा चिठोरा.
२. वरच्या, उघडायला सोप्या कप्प्यात: प्रथमोपचार, पाणी, दिवा, रेनकोट.
३. पेटीत किंवा सॅडल बॅगेत खाली, पण स्वतंत्र कप्प्यात: पंक्चरचे सामान आणि पाने.
४. सर्वात आत: ब्रेक पॅड, ऑइल, क्वचित लागणारे सुटे भाग.

पाने जाड कापडाच्या गुंडाळीत शिवलेल्या कप्प्यांतून ठेवावेत. सुटे पाने पेटीत हजार किलोमीटर आपटत गेले की एकमेकांना खातात, आणि त्याहून वाईट म्हणजे एखादा रस्त्याकडेला राहून गेला तरी लक्षात येत नाही. गुंडाळीतला रिकामा कप्पा ताबडतोब दिसतो. गुंडाळी उघडून तिचा फोटो काढून ठेवावा आणि प्रत्येक कामानंतर तिच्याशी ताडून पाहावे.

चेनच्या स्प्रेचे झाकण टेपने बंद करून तो झिपच्या पिशवीत, उभा, औषधे आणि खाण्यापासून दूर ठेवावा. पेट्रोलसाठी झाकणाला वायसर असलेला खास कॅनच वापरावा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल कधीही भरू नये. तहानलेला सोबती अंधारात नेमकी तीच बाटली उचलू शकतो.

जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या मध्ये येतील अशा ठेवाव्यात. सर्वात जास्त आढळणारी चूक म्हणजे हत्यारे आणि पेट्रोल शेपटीवर, मागच्या अॅक्सलच्याही मागे बांधणे: पुढचे चाक हलके होते आणि घाटात, खडीवर हँडल थरथरू लागते. कॅरिअरवर किती वजन चालते ते बहुधा त्याच्यावरच लिहिलेले असते किंवा पुस्तिकेत दिलेले असते. भार ठेवल्यावर टायरची हवा भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या मापाने, टायर थंड असताना भरावी.

तपासणी: गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. पट्ट्याचे एकही लोंबते टोक चेन किंवा चाकाजवळ येता कामा नये, आणि सायलेन्सर व पिशवी यांत चार बोटे तरी अंतर हवे.

गटाने जात असाल तर जंपरच्या तारा, चेन तोडायचे हत्यार, पंप अशी सामायिक हत्यारे शेवटच्या गाडीवर ठेवावीत. पुढे गेलेल्याला परत फिरवणे अवघड असते, मागून येणारा मात्र नादुरुस्त गाडीपाशी आपोआप पोहोचतो.

टप्पा ५: भरलेल्या गाडीने चाचणी (दोन आठवडे आधी)

ठाण्याहून कसारा घाट चढून इगतपुरी आणि परत, किंवा नवी मुंबईहून पनवेल-खोपोली जुन्या रस्त्याने खंडाळ्यापर्यंत. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने जुना रस्ताच धरावा लागतो. गाडीवर प्रवासाला न्यायचे ते सगळे सामान असावे, अगदी पाण्याच्या बाटल्यांसह. अर्ध्या सामानाने केलेली चाचणी काही सांगत नाही.

वाटेत पेट्रोल पंपाच्या किंवा ढाब्याच्या मोकळ्या आवारात थांबून सामान उतरवावे, मागचे चाक काढावे, बसवावे आणि सामान परत बांधावे. घड्याळ लावून. पहिल्यांदा दीड तास लागला तर निराश होऊ नये; नेमके काय शोधण्यात वेळ गेला ते लिहावे आणि त्या वस्तूची जागा बदलावी. परतल्यावर प्रत्येक पट्टा, कॅरिअरचे प्रत्येक बोल्ट आणि टायरची हवा पुन्हा पाहावी. जी वस्तू या चाचणीत आणि टप्पा १ च्या कामांत एकदाही लागली नाही आणि जिच्याविना जीव धोक्यात येणार नाही, ती घरी ठेवावी.

पिशव्या पाणी अडवतात का, हे दुकानदाराला विचारण्यात अर्थ नाही. आत वर्तमानपत्र भरून पिशवी ठाण्याच्या सप्टेंबरच्या एका रात्रीच्या पावसात गच्चीवर ठेवावी आणि सकाळी कागद चाचपावा.

टप्पा ६: गाडी रेल्वेने किंवा स्वतः विमानाने जाणार असाल तर

वेळ वाचवण्यासाठी अनेकजण गाडी गोरखपूरपर्यंत रेल्वेच्या पार्सलने पाठवतात. त्यासाठी टाकी रिकामी करावी लागते, म्हणून गोरखपूरला उतरल्यावर पेट्रोल कुठून आणि कशात आणायचे ते आधी ठरवावे. आरसे काढून, हँडल आणि टाकी गोणपाटाने गुंडाळून घ्यावी, आणि हत्यारांची गुंडाळी गाडीवर न ठेवता स्वतःसोबत डब्यात न्यावी. आरसे परत बसवायलाच पाना लागतो, हे फलाटावर लक्षात येऊन उपयोग नाही.

काठमांडूला विमानाने जाऊन तिथे गाडी भाड्याने घेणार असाल तर पाने आणि लिव्हर चेक-इनच्या सामानात, पॉवर बँक मात्र हातातल्या सामानात. चेनचा स्प्रे आणि पंक्चरचे सोल्यूशन ज्वलनशील असल्यामुळे दोन्हींपैकी कुठेच चालत नाही; ते तिथे विकत घ्यावे. आणि भाड्याच्या गाडीवर टप्पा १ मधले अॅक्सलच्या नटाचे काम ताब्यात घेतानाच करून पाहावे.

टप्पा ७: खंडेनवमीला शेवटची मोजणी, आणि सीमेवर

खंडेनवमीला आपण हत्यारे पुसून पूजेत मांडतोच. त्या दिवशी पाटावर मांडलेली हत्यारे यादीशी ताडून पाहावीत, सोल्यूशनची ट्यूब दाबून ओली आहे का ते बघावे, औषधांच्या मुदती वाचाव्यात आणि त्यानंतर गुंडाळी बांधली की पुन्हा उघडू नये. घरच्या कामाला त्यातला एखादा पाना उसना घेणे म्हणजे तो इथेच राहणे.

यादीच्या दोन प्रती इंग्रजीतही काढाव्यात. सोनौलीला सामान उघडायला सांगितले तर यादी पुढे करता येते आणि काम लवकर होते. तिथे बोलताना एक शब्द सांभाळावा. आपल्या गॅरेजच्या मराठीत पान्यांना हत्यारे म्हणतात, पण हिंदीत हथियार आणि नेपाळीत हतियार म्हणजे शस्त्र. गुंडाळीकडे बोट दाखवून कुणी काय आहे असे विचारले, तर "औजार" म्हणावे.

सीमा ओलांडल्यावर पहिल्या मोकळ्या जागी गाडी उभी करून पट्टे, चेनचा ताण आणि दोन्ही अॅक्सलचे नट हाताने पाहावेत. तोवर ठाण्यापासून दीड हजार किलोमीटरांहून जास्त अंतर चाकांखालून गेलेले असते, आणि पोखऱ्यापुढे ही पाहणी रोज सकाळी, चहाच्या आधी करायची असते.